पावती मागू नये, असा वकील
१९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यानुसार पक्षकाराला वकील लावण्याचा हक्क आपोआप मिळत नाही म्हणे; पण वकिलाशिवाय गेले, तर अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा इथपासून अडते. वकिलांना जाहिरातीची बंदी असल्यामुळे शोध मावसभावाच्या साडूपर्यंत पोहोचतो, आणि त्याने सुचवलेले गृहस्थ नेमके जमिनीच्या दाव्यांचे जाणकार निघतात. फी विचारली की ‘बघू, प्रकरण कसे चालते ते’ एवढेच उत्तर. मग तारखेचे वेगळे, टायपिंगचे वेगळे, झेरॉक्सचेही वेगळे पैसे, आणि पावती मागितली तर आपणच गुन्हा केल्यासारखी नजर. परवा ज्युनिअरने नुसती मुदत मागितली, पैसे मात्र पूर्ण घेतले. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, हे मला चौथ्या तारखेनंतर कळले, तेही चहाच्या टपरीवर!