अल्बर्ट ब्रुक्स ‘निमोचा बाबा’ व्हायच्या आधीपासून काय करत होता

अमेरिकन अभिनेता-दिग्दर्शक अल्बर्ट ब्रुक्सचं नाव निघालं की एक ठरलेलं मत हमखास ऐकू येतं: ‘दिग्दर्शक म्हणून त्याचे सिनेमे पडले, म्हणून तो कार्टूनला आवाज द्यायला लागला. तिथे काय, समोरचं वाचायचं आणि पैसे घ्यायचे. फाइंडिंग निमो नसता तर आज त्याला कुणी विचारलंही नसतं.’ यातली एकही गोष्ट खरी नाही. पहिलीत तर काळच उलटा मांडलाय.

त्याने दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा, ‘रिअल लाइफ’, १९७९ चा. ‘हॉट व्हील्स’ या कार्टून मालिकेत त्याचा आवाज १९६९ मध्येच ऐकू आला होता. वडील हॅरी आइनस्टाइन रेडिओवरचे नावाजलेले विनोदी कलाकार, त्यामुळे आवाजावर पोट भरणं त्याच्या घरात नवं नव्हतं. १९७३ मध्ये त्याने ‘कॉमेडी मायनस वन’ नावाची रेकॉर्ड काढली. सोबत छापील संहिता. ब्रुक्स आपलं वाक्य बोलतो आणि थांबतो. त्या मोकळ्या जागेत ऐकणाऱ्याने घरबसल्या जोडीदाराचं वाक्य म्हणायचं, की रेकॉर्डमधले प्रेक्षक हसतात. चेहरा न दाखवता, नुसत्या थांबण्यावर हशा उभा करायचा म्हणजे कान किती तयार हवा! पुढे १९८३ च्या ‘टर्म्स ऑफ एंडिअरमेंट’मध्ये सुरुवातीला नायिकेच्या नवऱ्याचा फक्त आवाज येतो, तोही ब्रुक्सचाच. ‘द सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेत तो पहिल्याच पर्वात, १९९० साली आला, आणि पुढच्याच वर्षी मेरिल स्ट्रीपबरोबरचा त्याचा ‘डिफेंडिंग युअर लाइफ’ प्रदर्शित झाला. दोन्ही कामं हातात हात घालून चालली होती.

‘समोरचं वाचायचं’ हे म्हणणं मला सगळ्यात जास्त खटकतं. सिम्पसन्सच्या पहिल्या पर्वात घरातल्या आईला, मार्जला, भुरळ घालणारा झाक आहे, ब्रुक्सच्याच आवाजातला. तो आधी स्वीडिश टेनिस प्रशिक्षक असणार होता. तो फ्रेंच असला तर जास्त मजा येईल हे ब्रुक्सला सुचलं आणि पात्र बदललं. त्या भागाला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. १९९६ च्या एका भागातला हँक स्कॉर्पिओ तर ऐकाच. जग ताब्यात घ्यायला निघालेला खलनायक, पण नोकरांवर जीव लावणारा साहेब. मार्जचा नवरा होमर त्याला हॅमॉक, म्हणजे टांगायच्या झोळ्या, कुठे मिळतील एवढंच विचारतो आणि हा एकामागून एक दुकानांची नावं घेत सुटतो. शेवटी कळतं, ती सगळी एकाच ठिकाणी आहेत! हे ब्रुक्सने माइकसमोर उभ्या उभ्या रचलं. आणि निमो? निमोच्या बाबाचे, म्हणजे मार्लिन या माशाचे संवाद आधी अभिनेता विल्यम एच. मेसीच्या आवाजात रेकॉर्ड झाले होते. दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटनला काहीतरी कमी वाटत राहिलं, ब्रुक्स आला आणि मग तो बाप लोकांना आवडला. कागदावरचं वाचून भागलं असतं, तर माणूस बदलायची वेळ आलीच नसती.

सिनेमे पडले का? गल्ला बेताचाच झाला, ते मान्य. पण ‘लॉस्ट इन अमेरिका’ (१९८५) आणि ‘मदर’ (१९९६) या दोन्हींच्या पटकथांना अमेरिकेतल्या नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्सचा पुरस्कार मिळाला. दोन्ही त्याने मोनिका जॉन्सनबरोबर लिहिल्या होत्या. ‘लॉस्ट इन अमेरिका’त बायको लास व्हेगासच्या जुगारात संसाराची पुंजी घालवून बसते. जाहिरात क्षेत्रातला नवरा कॅसिनोच्या मॅनेजरसमोर बसतो आणि पैसे परत केलेत तर तुमची केवढी जाहिरात होईल, हे अगदी मनापासून पटवू लागतो. मॅनेजर शांतपणे नाही म्हणतो, हा नवी कल्पना काढतो. सगळा प्रसंग दोन माणसांच्या बोलण्यावर पेललेला आहे. ‘मॉडर्न रोमान्स’मध्ये (१९८१) तो सिनेमाचा संकलक आहे आणि पळणाऱ्या पावलांचा आवाज कसा हवा यावर स्टुडिओत खपतो. कानाने सिनेमा करणारा माणूस आहे हा, म्हणून त्याचा दिग्दर्शक आणि त्याचा आवाज असे दोन तुकडे करताच येत नाहीत.

‘निमो नसता तर’ हे तर थोडक्यात संपतं. ‘ब्रॉडकास्ट न्यूज’साठी (१९८७) त्याला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन होतं, निमो २००३ चा. नंतर ‘ड्राइव्ह’मध्ये (२०११) त्याने गुंड रंगवला. एका माणसाच्या हाताची शीर कापल्यावर तो त्यालाच धीर देतो, झालं, आता दुखणार नाही, असं म्हणत. आवाज तोच, समजूत घालणारा, आणि अंगावर काटा येतो.

२००५ नंतर त्याने कथापट दिग्दर्शित केलेला नाही, याचं मलाही वाईट वाटतं. पण २००५ चा तो शेवटचा सिनेमा निमोनंतर दोन वर्षांनी आला होता. कार्टूनचे पैसे मिळाले म्हणून त्याने सिनेमा सोडला, हे त्यामुळे इथेही लागू पडत नाही.