'माणुसकीनं कारखाना बुडतो' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे या औद्योगिक भागातल्या बऱ्याच कारखानदारांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा आशय असा: धाक असला की चुका होत नाहीत, आजकालचा कामगारच कामचुकार, आता ऑटोमेशन आलंय, माणसं सांभाळत बसायची गरज नाही, आणि नेता जन्मावा लागतो, तो घडवता येत नाही. शेवटी जोडलेले हात. मुद्दे एकेक करून बघू.

धाकानं चुका कमी होत नाहीत, त्या सांगायच्या बंद होतात. फाउंड्रीचंच, म्हणजे वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतायच्या कारखान्याचंच घ्या. वाळूत ओलावा जास्त झाला की धातू ओतताना वाफ अडकते आणि कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, ब्लोहोल (पोकळ भोक) पडतो. वाळू हातात घेतली की मोल्डरला, साचा भरणाऱ्या कामगाराला, ते कळतं. पण मागच्या वेळी बोलला तेव्हा सगळ्यांसमोर 'तू मला शिकवणार?' असं ऐकून घेतलेलं असेल, तर तो गप्प बसून साचा भरतो. दोष दिसतो तो मशिनिंगला, किंवा थेट गिऱ्हाइकाकडे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुका अभ्यासल्या. चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद कमी असेल असा त्यांचा अंदाज होता, निघाली जास्त. तिथली माणसं चूक लपवत नव्हती, हे त्यामागचं कारण. रजिस्टरवर शून्य दिसलं की खूश होणाऱ्या मालकांनी हे जरूर वाचावं.

'कामगारच वाईट' याला कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या मोटार कारखान्याचं उत्तर आहे. जनरल मोटर्सनं तो 1982 मध्ये बंद केला. गैरहजेरी, भांडणं, वाईट गाड्या अशी त्याची ख्याती होती. 1984 मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला, बहुतेक जुनेच कामगार आणि तीच युनियन घेऊन. फरक इतकाच, की दोष दिसला तर दोरी ओढून लाइन थांबवायचा हक्क साध्या कामगाराला मिळाला. थोड्याच काळात गाड्यांचा दर्जा जपानी कारखान्यांच्या जवळ गेला. (पुढं 2010 मध्ये तोही बंद पडला. जनरल मोटर्स दिवाळखोरीत निघून भागीदारीतून बाहेर पडली होती. कामगारांना दोष द्यायला तिथं जागा नाही.)

ऑटोमेशनबद्दल थोडक्यात. एकच ऑपरेटर दोन-तीन व्हीएमसी (संगणकावर चालणारी कटिंग मशीन) बघतो, तेव्हा झिजलेलं टूल, म्हणजे कापायचं पातं, कधी बदलायचं हे तोच ठरवतो. माणसं कमी झाली की प्रत्येकाचा निर्णय महाग होतो.

शिस्तीबद्दल मात्र मेसेजशी माझं भांडण नाही. दारू पिऊन भट्टीजवळ आलेल्याला घरी पाठवलंच पाहिजे, मग तो मालकाचा पाव्हणा का असेना.

राहिला 'नेता जन्मावा लागतो'. हे बेळगावात बसून फॉरवर्ड करावं, याची गंमत वाटते. आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी 1888 मध्ये इथं सायकलचं दुकान काढलं, 1910 मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना नेला. सोबत घेतलेली माणसं काही निवडक पदवीधर नव्हती. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथं कल्पक इंजिनियर झाले. शिक्षा भोगून आलेल्यांनाही किर्लोस्करांनी रखवालीवर ठेवलं.

आपल्याकडे काय होतं? सर्वात चांगला ऑपरेटर एका सोमवारी सुपरवायझर होतो. हाताखाली खानापूरचा मराठी पोरगा, गोकाककडचा कन्नड, बिहारचा हिंदी बोलणारा. काल ज्याला 'मामा' म्हणत होता, त्यालाच आज काम सांगायचं. कसं सांगायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं, म्हणून तो आपल्या जुन्या साहेबासारखा ओरडतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं हीच अडचण ओळखून सुपरवायझरांसाठी छोटे वर्ग काढले: काम शिकवायचं कसं, पद्धत सुधारायची कशी, माणसांशी वागायचं कसं. 16 लाखांहून जास्त लोक त्यातून गेले. एक वर्ग एकूण दहा तासांचा, रोज दोन तास धरले तर पाच दिवस. गिऱ्हाइकाकडून परत आलेला एक लॉट पुन्हा दुरुस्त करायला याहून जास्त वेळ जातो.