नळकांडी दोन की तीन?

पोंटून, म्हणजे बंद नळकांड्यांवर तरंगणारी सपाट होडी घ्यायचा विचार घरात नुसता बोलून दाखवला की पहिला सल्ला ठरलेला असतो : "त्यापरास काहील घ्या की!" सल्ला अगदीच टाकाऊ नाही. गुऱ्हाळावर उसाचा रस आटवायच्या या मोठ्या कढईनं आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात पुराच्या पाण्यातून माणसं पैलतीराला पोचवली आहेत. पण काहील पडली उघडी. पाणी आत आलं की तिचं तरंगणं संपलं. शिवाय ती गोल. वल्हं मारलं की पुढं जाण्याऐवजी स्वतःभोवती फिरते, आणि आत बसलेल्या आत्याबाईंना एकाच जागेवरून चारी दिशांचा निसर्ग दिसतो.

पोंटूनचं उलटं आहे. खाली ॲल्युमिनियमची बंद नळकांडी, त्यांवर आडव्या पट्ट्या, पट्ट्यांवर पाऊण इंची मरीन प्लायवूड, त्यावर कठडा, सोफे आणि कापडी छत. प्रत्येक नळकांड्यात आडवे पडदे वेल्ड करून वेगळे कप्पे पाडलेले असतात. खडकावर आपटून एक कप्पा फुटला तरी बाकीचे होडी धरून ठेवतात. इथपर्यंत घरात एकमत होतं. मग विक्रेता दोन होड्यांचे फोटो पाठवतो आणि घराचे दोन तट पडतात.

एक होडी २० फुटी, दोन नळकांड्यांची, मागे ६० एचपीचं इंजिन. दुसरी तेवढीच लांब, पण तीन नळकांड्यांची आणि ११५ एचपीची. तरुण मंडळी बघायच्या आधीच तिसऱ्या नळकांड्यावर बसलेली असतात. "नाद खुळा" हा शब्द दोन नळकांड्यांच्या होडीसाठी कुणी वापरत नाही. थोरली मंडळी किंमत विचारतात आणि काहिलीकडे परत वळतात.

अशा वेळी कागद-पेन घ्यावं, कारण हा वाद मुळात गणिताचा आहे. नळकांड्याचा व्यास २५ इंच आणि लांबी ६ मीटर धरली, तर एक नळकांडं पूर्ण बुडाल्यावर साधारण १.९ टन पाणी बाजूला सारतं, म्हणजे तेवढंच वजन तोलतं. पुढचं नाक निमुळतं असतं, म्हणून १.८ धरू. दोन नळकांड्यांचे झाले ३.६ टन. पण माणसं बसल्यावर नळकांडी निम्म्याच्या आसपासच बुडालेली हवीत, म्हणजे हाताशी राहिले १.८ टन. त्यातून होडी, इंजिन, बॅटरी आणि पेट्रोल मिळून सुमारे १.१ टन वजा करा. उरले ७०० किलो, म्हणजे ७० किलोची दहा माणसं.

आता गंमत बघा. तीच होडी काही जण २३ इंची नळकांड्यांवर विकतात, आणि फोटोत फरक कळत नाही. हेच गणित तिथं मांडलं तर उरतात जेमतेम ४०० किलो. व्यासात दोन इंच घटले आणि चार पाहुणे काठावर राहिले. म्हणून विक्रेत्याला "सीटा किती?" असं विचारू नये. सोफा काय, कितीही लांब करता येतो. व्यास विचारावा, आणि मनुष्यभाराचा आकडा कोरलेली पट्टी कुठं आहे ते दाखवायला सांगावं.

तीन नळकांड्यांच्या होडीत इंजिन मोठं आणि सांगाडा जड असूनही हीच बाकी सव्वा टनाच्या वर जाते. तिची खरी बाजू ही आहे. वळण घेतानाही ती बाहेर कलत नाही, वाऱ्यानं लाटा उठल्या तरी कमी आपटते. पण ११५ एचपी घेऊन ताशी ४५ किलोमीटरनं जायचं कुठं? पंचगंगेत म्हणाल, तर दर काही मैलांवर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आडवा उभा. पावसाळा सरला की त्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, पडतात आणि पुढचा रस्ता बंद. राधानगरी धरणाचं पाणी लांबरुंद आहे, पण तिथं माणूस जातो ते गवा दिसतोय का बघायला. ताशी ४५ नं गेलेल्या होडीतून गवा दिसत नाही, त्याला मात्र आपण दिसतो आणि ऐकूही येतो.

दहा माणसांचा आकडा घरात सांगितला की सगळे हो म्हणतात, आणि इथंच खरी फसगत आहे. कोल्हापुरात दहा माणसं फिरायला निघाली असं कधी होत नाही. दहा माणसं, त्यांची पोरं, पोरांचे दोन मित्र, "जागा असली तर येतो" म्हणणारे एक काका, आणि या सगळ्यांचं जेवण. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची दोन पातेली, भाकऱ्यांची दुरडी, पाण्याचे वीस लिटरचे दोन जार, बर्फाची पेटी आणि सतरंजी मिळून शंभर किलो सहज होतात. म्हणजे दीड माणूस नुसता रश्श्याच्या रूपात बसलेला असतो, आणि त्याला लाइफ जॅकेटही घालता येत नाही.

हे वजन ठेवायचं कुठं, हा किमतीइतकाच महत्त्वाचा प्रश्न. पातेली मध्यावर, किंचित मागे. सगळी मंडळी फोटोसाठी पुढच्या दाराशी जमली की नाक खाली जातं, आणि त्याच वेळी चालवणाऱ्यानं वेग एकदम कमी केला तर मागून आलेली स्वतःचीच लाट डेकवर चढते. होडी त्यानं लगेच बुडत नाही, पण चपला तरंगायला लागतात आणि आरडाओरडा सुरू होतो. चालत्या होडीत पुढचं दार बंद, हा नियम थोरल्या मामांनाही लागू.

डेकवर गालिचा घेऊ नका. विक्रेता गालिचावाली होडी थोडी स्वस्त देतो, पण तांबड्या रश्श्याची तर्री गालिच्यात गेली की ती तिथलीच. विणलेल्या व्हिनाइलची फरशी साध्या साबणाच्या पाण्यानं पुसून निघते. सोफ्याचा रंग करडा किंवा तपकिरी निवडावा. पांढरा सोफा आणि हळद यांचं जमत नाही. आणि होडीवर शेगडी पेटवायची नाही. परदेशी माहितीपत्रकात डेकवर ग्रील दिसतं, ते बघून कुणीतरी "तिथंच मटण टाकू" म्हणणारच. खाली पेट्रोलची टाकी आहे, एवढं एक वाक्य पुरतं.

आपल्याकडच्या पाण्याचा स्वतंत्र त्रास म्हणजे जलपर्णी. तिची मुळं पंख्याला गुंडाळतात, ते दिसतं तरी. न दिसणारी गोष्ट अशी की तीच मुळं इंजिनाच्या पाणी ओढायच्या जाळीवर बसतात. चालू इंजिनातून मागच्या बाजूला पाण्याची बारीक पिचकारी सतत उडत असते. ती पिचकारी म्हणजे इंजिन थंड राहत असल्याची खूण. ती बारीक झाली किंवा थांबली की त्याच क्षणी इंजिन बंद. मग किल्ली खिशात, इंजिन वर तिरकं उचलायचं आणि विळ्यानं मुळं कापायची. बंद करायच्या आधी हात घालू नये हे सांगायला लागू नये, पण लागतं. मासेमारीची तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, दिसली तर पंखा काढून मागं बघावंच. ती आत शिरली की तेलाचं सील कापते आणि गिअरच्या तेलात पाणी जातं. तेल दुधी दिसलं तर हेच झालेलं असतं.

जुनी होडी घेणार असाल तर नळकांडी तपासल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. तळाचा स्क्रू काढून पाणी निघतंय का बघा. हवेच्या छोट्या पंपानं दोन-तीन पीएसआयच दाब द्या आणि वेल्डवर साबणाचं पाणी फिरवा. बुडबुडे आले तिथं भेग. गाडीच्या टायरसारखी हवा भरायला गेलात तर चांगलं वेल्डही फाटेल. गोड्या पाण्यासाठी गंज स्वतःवर घेणारा तुकडा मॅग्नेशियमचा हवा. समुद्रावरून आलेल्या होडीला जस्ताचा असतो आणि तो इथं फारसा उपयोगाचा नाही. खालून तांबेयुक्त रंग मारलेला असेल तर सरळ परत फिरा, तांबं ॲल्युमिनियमला खातं.

रस्त्याचं थोडक्यात. दोन्ही होड्या साडेआठ फूट रुंद, म्हणजे जवळजवळ २.६ मीटर, आणि आपल्याकडे वाहनाला रुंदीची परवानगीच तेवढी. गर्दीच्या महाद्वार रोडवरून न्यायचा विचार सोडून द्यावा. तीन नळकांड्यांची होडी ट्रेलरसकट दोन टनांच्या आसपास भरते, आणि एप्रिल-मे महिन्यात पाणी मागं सरल्यावर काठ असतो चिखलाचा. उतरवायला उतार लागतो, चढवायला ट्रॅक्टर आणि ट्रॅक्टरवाल्याची मर्जी. कागदपत्रांमध्ये अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ प्रमाणे नोंदणी, जलाशयासाठी जलसंपदा विभागाची परवानगी, आणि अभयारण्याचं पाणी असेल तर वनखात्याचीही. ही परवानगी आधी, होडी नंतर.

मला विचाराल तर दोन नळकांडी, पण २५ इंची, आणि ६० एचपी. येतो म्हणणाऱ्या काकांना दुसऱ्या फेरीला न्यावं. ज्यांच्या घरात "दुसरी फेरी" हा शब्द ऐकून कुणी रुसतं, त्यांनी मुकाट्यानं तिसऱ्या नळकांड्याचे पैसे भरावेत, ते स्वस्त पडेल.

एक गोष्ट दोन्ही होड्यांना सारखीच छळते. बहुतेक आउटबोर्ड इंजिनांच्या पुस्तकात पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं, आणि आपल्या पंपावर मिळतं २० टक्क्यांचं. म्हणजे आपल्याच उसाचं इथेनॉल आपल्याच होडीच्या मुळावर. ते हवेतली ओल ओढून घेतं, जास्त ओल झाली की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून सुटं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. म्हणून पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर बसवावा, लागेल तेवढंच पेट्रोल भरावं, आणि जूनमध्ये होडी ताडपत्रीखाली जायच्या आधी टाकी रिकामी करावी. निघालेलं पेट्रोल कॅनमध्ये साठवून ठेवू नये. घरात कुणाच्या तरी स्कूटरची टाकी रिकामी असतेच, आणि त्या दिवशी होडीला विरोध करणारा माणूसही पेट्रोल घ्यायला सगळ्यात आधी येतो.