‘एसीत बसून लिहिणं सोपं असतं’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार साहेब. फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून वाळूच्या साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, चूक उशिरा कळते म्हणून लोक शिकत नाहीत, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं, त्यावर तुमची मोठी प्रतिक्रिया आली. तुमचं म्हणणं असं की रिजेक्शन, म्हणजे माल नाकारला गेला हे, महिन्याने कळलं तरी अनुभवी माणसाला कारण कळतंच, रोज आकडे दिले की लोक उगाच सेटिंग बदलत बसतात, शिवाय खर्च कोण करणार. आणि शेवटी, "एसीत बसून लिहिणं सोपं असतं, भट्टीपुढे उभं राहिलं की कळतं."

हे वाक्य लागलं, खोटं कशाला बोलू. मुद्दा खोडायचा तर खोडा, पण मी कुठे बसतो हे तुम्हाला कोणी सांगितलं? माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारे, होते, मी स्वतः तिथल्याच शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला कित्येक वर्षं काढलीत, साच्याची वाळू तपासणारी सँड लॅब केली, मे महिन्यात भट्टीवर दुपारची शिफ्ट केली. एसी होता तो स्पेक्ट्रोच्या, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राच्या, खोलीत, मशीनसाठी.

आणि तो स्पेक्ट्रोच माझा पुरावा आहे. भट्टीतनं सॅम्पल काढलं, दिलं की दोन-चार मिनिटांत कार्बन, सिलिकॉन समोर. कमी-जास्त असेल तर ओतायच्या आधीच स्क्रॅप किंवा फेरोसिलिकॉन टाकून दुरुस्त. आमच्या भट्टीवरची पोरं थोड्याच महिन्यांत अशी तयार झाली की रीडिंग यायच्या आधी कार्बन किती येणार ते बोलून दाखवायची आणि बहुतेकदा जवळपास यायचंच. शाळा बेताची झालेली पोरं ही.

आता त्याच छपराखाली ब्लोहोलचं, म्हणजे वाफ किंवा वायू धातूत अडकून राहिलेल्या पोकळीचं, बघा. कातडीखालचा ब्लोहोल कास्टिंगवर दिसत नाही, शॉट ब्लास्टिंगने साफ करून माल जातो, कस्टमरच्या स्टोअरला पडून राहतो, मग कधीतरी मशीनवर बोअर मारताना भोक उघडं पडतं आणि महिनाअखेरीला नाकारलेल्या मालाचे पैसे कापल्याची डेबिट नोट येते. तोपर्यंत ती वाळू कितीतरी वेळा फिरून आलेली, वाळू बांधून ठेवणाऱ्या बेंटोनाइट मातीचा लॉट बदललेला, कंत्राटी मोल्डर दुसऱ्या कंपनीत गेलेला. हीट नंबरवरून, म्हणजे भट्टीच्या त्या घाण्याच्या नंबरवरून, धातूचं कळतं पण त्या तासाला वाळूत पाणी किती होतं ते कोण सांगणार? मग मीटिंगमध्ये मोल्डिंगवाले कोअरवाल्यांवर (साच्यातला आतला गाभा करणाऱ्यांवर) ढकलणार, कोअरवाले पोअरिंगवर, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं कारण रजिस्टरला लागणार. पुढच्या महिन्यात तोच ब्लोहोल. माणसं तीच, मालक तोच, भट्टीवर शिकतात आणि वाळूवर का नाही शिकत, याचं उत्तर तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही.

मग आम्ही जवळच्या एका मशीन शॉपला विनंती केली की रोजचे थोडे नग त्याच दिवशी मशीन करून बोअरचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. एका मोल्डरने फोटो बघून स्वतःहून सांगितलं की दुपारनंतर वाळू गरम परत येते, कोरडी वाटते म्हणून वर पाणी जास्त मारलं जातं. हे त्याला आधीही माहीत होतं पण त्याचा ब्लोहोलशी संबंध जोडायला महिन्यानंतरची डेबिट नोट कामाची नव्हती, आणि ती त्याला कोणी दाखवतही नव्हतं.

तुमच्या अनुभवाचा मान आहेच. पण काहनमन आणि क्लाईन या दोन मानसशास्त्रज्ञांनी, एरवी एकमेकांच्या विरुद्ध बाजूचे असून, २००९ मध्ये एकत्र लिहिलेल्या पेपरात हेच मांडलंय की अनुभवी माणसाच्या अंदाजावर विश्वास कधी ठेवायचा, तर कामात काहीएक नियमितपणा असेल आणि आपला अंदाज बरोबर आला का हे त्याला वेळेवर कळत असेल तेव्हा. नुसती वर्षं मोजून तो विश्वास येत नाही. तुम्ही पंचवीस वर्षांचा अनुभव लिहिलात, मान्य, त्यातली किती कारणं तपासून बघता आली?

एक गोष्ट मान्य करतो, मी "सगळ्या फाउंड्रीत" असं लिहिलं होतं, "बऱ्याच" म्हणायला हवं होतं, लेखात बदललंय. रोजच्या आकड्यांनी लोक बिथरतात वगैरे म्हणाल तर तो सुपरवायझरला शिकवायचा प्रश्न आहे, त्यासाठी आकडेच लपवायचे हे काही पटत नाही. खर्चाचं नंतर कधीतरी लिहीन.

पुढची प्रतिक्रिया द्याल तेव्हा माझी खुर्ची सोडा आणि एवढं सांगा की तुमच्याकडे ब्लोहोलचा नग परत येतो तेव्हा तो ओतून किती दिवस झालेले असतात, आणि तो ज्याने मोल्ड केला त्याला कोणी बोलावून दाखवतं का.