सावलीचा सासुरवास

संगणकावर अक्षरांना ठोकळेदार सावली देणे म्हणजे अक्षराच्या मागे त्याच्याच आकाराचा एकरंगी ठोकळा ठरावीक दिशेने ताणणे. हे काम ऐकायला इतके निरुपद्रवी आहे की सांगणारा माणूस ते नेहमी ‘जाता जाता एवढे करून टाका’ अशाच सुरात सांगतो. धूसर सावलीचे एक बरे असते. तिच्या कडा मुळातच पुसट असल्यामुळे करणाऱ्याची बरीच पापे तिच्यात खपून जातात. ठोकळेदार सावलीची कड मात्र लख्ख असते आणि तिच्यावरचा प्रत्येक दात, प्रत्येक पोक मोठ्या फलकावर हातभर होऊन दिसते. अक्षराकडे कौतुकाने पाहणाऱ्यांना सावलीची आठवणही नसते. पण सावली बिघडली की अक्षराकडे कोणी पाहत नाही.

सोपा म्हणून सांगितला जाणारा मार्ग नकलांचा. २० मिलिमीटरची सावली हवी असेल, तर अक्षराची नक्कल अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने सरकवत ४० वेळा काढायची आणि सगळ्या नकला एकत्र जोडायच्या. चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमधल्या ब्लेंड किंवा ट्रान्सफॉर्म या सोयींनी हे चुटकीसरशी होते आणि पडद्यावर सावली दृष्ट लागण्यासारखी दिसते. दृष्ट लागते ती झूम केल्यावर. जिथे सरळ रेघ हवी होती तिथे बारीक पायऱ्यांचा जिना उभा असतो आणि प्रत्येक पायरीवर नोड, म्हणजे रेघेला आकार देणारे बिंदू, विराजमान असतात. पायऱ्या लहान दिसाव्यात म्हणून नकला वाढवल्या, तर त्या खरोखरच लहान होतात, पण नोड त्याच प्रमाणात वाढतात. मूळ शब्दात १५० नोड असले तर ४० नकलांत ते ६००० होतात. जोडताना आतले बरेचसे नाहीसे होतात हे खरे, परंतु उरतात ते नेमके कडेवरचे. व्हिनाइल, म्हणजे फलकावर चिकटवायचे प्लास्टिक, कापणारे यंत्र अशा कडेवरून अडखळत, थरथरत चालते.

मग नोड कमी करणारा ‘सिम्प्लिफाय’ नावाचा उपाय सुचवला जातो. त्याला पायरी कोणती आणि अक्षराचा कोपरा कोणता हे कळण्याचे काही कारण नाही. तो दोघांनाही समदृष्टीने गुळगुळीत करतो. शिरोरेखेचे काटकोनी टोक साबणाच्या झिजलेल्या वडीसारखे दिसू लागले, की आपण आगीतून फुफाट्यात आलो हे समजते.

खरी, स्वच्छ सावली नोड वाढवून होत नाही, निवडून होते. मूळ अक्षर आणि सरकवलेली एकच नक्कल घ्यायची आणि जिथून सावलीची कड सुटते तेवढेच दोन्हींवरचे जोडबिंदू सरळ रेघांनी जोडायचे. कोपरा असेल तिथे काम सोपे असते. वळण असेल तिथे सावलीच्या दिशेला समांतर असलेली स्पर्शिका जिथे टेकते, तो बिंदू शोधावा लागतो. उजवीकडे खाली ४५ अंशांत पडणाऱ्या सावलीसाठी गोल अनुस्वारावर असे दोनच बिंदू सापडतात, एक वर उजवीकडे आणि एक खाली डावीकडे. टाइप डिझाइनच्या रीतीप्रमाणे नोड मात्र ठेवलेले असतात वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे. म्हणजे वर्तुळावर आपल्याला हवी असलेली जागा सोडून बाकी सगळीकडे नोड हजर असतात! मोटारींच्या पत्र्याच्या वळणांसाठी १९६० च्या दशकात रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी अशा नोडांनी आखल्या जाणाऱ्या वक्ररेषा वापरात आणल्या. मोटारीची सावली सूर्य फुकटात पाडतो, त्यामुळे त्यांना या बाजूने विचार करावा लागला नसावा.

यावर एक तोडगा आहे. अख्खा शब्द घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ४५ अंशांत फिरवायचा, म्हणजे सावली सरळ खाली पडते आणि हवे असलेले बिंदू हे प्रत्येक वळणाचे सर्वांत डावे आणि सर्वांत उजवे टोक ठरतात. इंकस्केप या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरच्या नोड साधनात अशा टोकांवर नोड घालण्याची सोयही आहे. काम संपले की शब्द परत सरळ करायचा. शब्द सरळ होतो. तोपर्यंत तिरप्या शब्दावर काम करून वाकडी झालेली मान सरळ करणारी आज्ञा कोणत्याही मेनूत आढळत नाही.

देवनागरीत या सासुरवासाला पोटभेद आहेत. ‘विशेषांक’ हा शब्द कर्व्हमध्ये, म्हणजे टाइपातून नुसत्या आकारात, बदलला की प्रत्येक अक्षराची शिरोरेखा शेजारच्या शिरोरेखेवर थोडी चढलेली आढळते, म्हणून आधी सगळे वेल्ड, म्हणजे एकजीव, करावे लागते. नाहीतर बाह्यरेषा देताच एकसंध शिरोरेखेवर जागोजागी उभे टाके दिसतात. अनुस्वाराची सावली खाली उतरून शिरोरेखेला टेकते न टेकते अशा बेताने थांबते आणि मध्ये रंगाला शिरता येणार नाही एवढी फट ठेवते. पोटफोड्या ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ सावलीच्या दिशेला समांतर निघाली, तर तिला सावलीच मिळत नाही, शेजारच्या काठ्यांच्या सावल्या मात्र तिची पोकळी गिळून टाकतात. उरलेले नखाएवढे त्रिकोण बुजवायचे की राखायचे, हा निर्णय प्रत्येक अक्षरापाशी वेगळा घ्यावा लागतो.

कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरच्या २०१८ च्या आवृत्तीपासून ब्लॉक शॅडो नावाचे स्वतंत्र साधनच आले आहे. ते खोली आणि दिशा विचारते, पायऱ्यांच्या भानगडीत न पडता सरळ कड देते आणि सांगितले तर छिद्रेही बुजवते. छिद्रे बुजवताना ते ‘ष’ची पोकळी आणि अनुस्वाराखालची फट यांत भेदभाव करत नाही, त्यामुळे शेवटचा हात माणसालाच फिरवावा लागतो. तरीही ज्याने हे काम नोड मोजून केले आहे, त्याने या साधनाला नावे ठेवू नयेत असे माझे मत आहे.

शेवटी सावली तयार होते. कड निर्मळ, नोड मोजके, कोपरे धारदार. काम सांगणारे गृहस्थ ती बराच वेळ निरखतात, समाधानाने मान डोलावतात आणि विचारतात, “छान झाली आहे. फक्त ही डावीकडे पाडता येईल का?” शब्द आरशात धरल्यासारखा उलटवून चालत नाही, आधीच्या जोडबिंदूंपैकी वळणांवरचा एकही आता उपयोगाचा नसतो, आणि शब्द या वेळी काट्यांच्या विरुद्ध दिशेने ४५ अंशांत फिरवावा लागतो. मी “हो, येईल की” असे म्हणतो आणि मान दुसऱ्या बाजूला कलवतो.