असोसिएट डिग्री म्हणजे इंजिनीअरिंगची पहिली दोन वर्षं नव्हेत

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजातून सिव्हिल इंजिनीअरिंग टेक्नॉलॉजीची दोन वर्षांची असोसिएट डिग्री घ्या, मग आणखी दोन वर्षांत इंजिनीअर व्हा, असं एका लेखात वाचलं. इथल्या मराठी पालकांनी एवढ्यावर विसंबू नये, असं मला कळकळीने वाटतं. या अभ्यासक्रमात गणित बहुतेक करून बीजगणित-त्रिकोणमितीपुरतं असतं. इंजिनीअरिंगला पहिल्या सत्रापासून कॅल्क्युलस लागतं, भौतिकशास्त्रही त्याच्याच आधाराने शिकवतात. त्यामुळे शिकलेल्या विषयांचे बरेच क्रेडिट पुढे इंजिनीअरिंगला धरले जात नाहीत. कोणत्या विद्यापीठाशी ट्रान्सफरचा करार आहे, हे प्रवेशाआधीच लेखी विचारा. अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या अॅबेट या संस्थेतसुद्धा इंजिनीअरिंग आणि इंजिनीअरिंग टेक्नॉलॉजी या दोन्ही शाखांची मान्यता वेगवेगळ्या आयोगांकडे आहे, आणि पुढे पीई (प्रोफेशनल इंजिनीअर) लायसन्स हवं असेल तर प्रत्येक राज्याचे नियम निराळे.

पण ही डिग्री कमी दर्जाची आहे असं कुणी समजू नये! सर्व्हे, ड्राफ्टिंग, माती आणि काँक्रीटच्या चाचण्या मुलं हाताने करून शिकतात. ओलं काँक्रीट किती खचतं हे मोजणारी साधी स्लम्प टेस्ट घ्या. १२ इंच उंचीच्या साच्यात काँक्रीटचे तीन थर, प्रत्येक थराला सळईचे २५ ठोके, मग साचा ५ सेकंदांच्या आसपास सरळ वर उचलायचा. जरा तिरका उचलला तरी आकडा चुकतो. शिकतानाच एसीआयचं (अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूट) काँक्रीटच्या फील्ड टेस्टिंगचं ग्रेड १ प्रमाणपत्र मिळवावं, पाच वर्षं चालतं आणि नोकरीला फार उपयोगी पडतं. ज्यांना साइटवरचं काम मनापासून आवडतं, त्यांनी ही डिग्री जरूर घ्यावी.