राज्यशास्त्र-समाजशास्त्राला 'सोपे विषय' म्हणणं आता तरी थांबवा

अकरावीच्या ॲडमिशनचे दिवस आले की दरवर्षी हेच ऐकते. परवा एक वडील आले, सोबत पोरगी, हातात दहावीचा मार्कमेमो. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, तिला जरा सोपे विषय द्या. राज्यशास्त्र, समाजशास्त्र असलं काही. दोन वर्षं निघून जातील." मला त्यांचा राग आला नाही, खरंच नाही, कारण हे वाक्य त्यांच्या घरी तयार झालेलं नाही, ते आमच्याकडूनच गावात गेलंय, आम्ही शिक्षकांनीच इतकी वर्षं हे विषय असे शिकवले की लोकांना वाटावं, ह्यात काय असतं, पाठ करायचं आणि लिहायचं.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजला मी हे दोन्ही विषय शिकवते, सतरा वर्षं झाली. त्याआधी एका ठिकाणी तासिका तत्त्वावर होते तेव्हा पहिल्याच दिवशी मला सांगितलं गेलं, फळ्यावर प्रश्न लिहा, उत्तर डिक्टेट करा, पोरं उतरवून घेतील, डिसेंबरात पोर्शन संपला पाहिजे. आणि समाजशास्त्र कोण शिकवायचं, तर ज्याचा वर्कलोड कमी भरतो तो. मग तो भाषेचा असो नाहीतर इतिहासाचा. फिजिक्सचा तास कुणी असा दिला असता का कुणालाही? मी पण पहिली दोन वर्षं डिक्टेशनच दिलं हे कबूल करते, 'राज्याचे घटक चार : लोकसंख्या, भूप्रदेश, शासनसंस्था, सार्वभौमत्व', पोरं खाली मान घालून लिहायची आणि बेल झाली की वह्या बंद.

मला ते थांबवायला लावलं एका पोरीनं.

अकरावीचा वर्ग, कुटुंबसंस्था चालू होती. मी सांगत होते की कुटुंबाची वेगवेगळी कार्यं असतात, त्यातलं एक आर्थिक, कुटुंब हे एक आर्थिक एकक असतं वगैरे. तिसऱ्या बाकावरची एक पोरगी, कधी तोंड न उघडणारी, हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्यात त्याला कोयता म्हणतात." मला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं, ऊसतोडीला जाताना मजूर गोळा करून नेणारा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. वर्गातली निम्मी पोरं माना हलवायला लागली, कारण त्यांच्या घरातलीच गोष्ट होती ती, दसरा-दिवाळीनंतर गाव रिकामं होतं आमच्याकडं, म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं तेवढी मागं राहतात.

त्या दिवशी मी वही बंद केली आणि खडू घेऊन नुसते प्रश्न विचारत गेले. उचल, म्हणजे मुकादमाकडून मिळणारे आगाऊ पैसे, कुणाच्या हातात पडते? बाबाच्या. ऊस कोण तोडतं? दोघंबी. मोळी कोण बांधतं? आई. गाडीवर कोण चढवतं? दोघंबी, पण आई डोक्यावर नेऊन देते. पहाटे कोण उठतं? आई, तीनला, स्वयंपाक करून मग उसाच्या फडात. आजारी पडलं तर? खाडा धरतात मॅडम, पैसे कापतात. फळा भरला. मग मी एका कोपऱ्यात लिहिलं 'लिंगाधारित श्रमविभागणी' आणि म्हणाले, तुम्ही आत्ता जे सांगितलं ना त्याला पुस्तकात हे नाव आहे. तेवढ्यात मागून एक पोरगा म्हणाला, "म्हणून तर लग्नं लवकर करतात, अर्ध्या कोयत्याला उचल कमी भेटते." वर्ग एकदम गप्प झाला. बाकांवर बसलेल्या पोरी सोळा-सतरा वर्षांच्या, त्यांच्यातल्या दोघी-तिघींच्या घरी स्थळं बघणं चालू होतं हे मला माहीत होतं. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा, मुलीला १८ पूर्ण, मुलाला २१, हे मी त्यापूर्वीही डिक्टेट केलं होतं की, पण त्या दिवशी पहिल्यांदा पोरींनी वर बघून ऐकलं आणि एकीनं विचारलं, तक्रार कुणाकडं करायची असती? बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे गावात ग्रामसेवक, मदतीला अंगणवाडीताई, आणि १०९८ हा लेकरांच्या मदतीचा नंबर. तो नंबर त्यांनी मी न सांगता लिहून घेतला.

आता सांगा हा विषय सोपा कसा.

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास हे नाव आमच्या पोरांना 'संस्कृतीकरण' एवढ्यापुरतं माहीत असतं, म्हणजे खालची मानलेली जात वरच्या जातीच्या चालीरीती उचलते ते, दोन मार्कांची संकल्पना. मी त्यांना माणसाची गोष्ट सांगते. मुंबई विद्यापीठात १९१९ ला समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, देशातला पहिला, तिथं घुर्ये सरांचे हे विद्यार्थी. १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या रामपुरा नावाच्या खेड्यात जाऊन राहिले, सगळं लिहून ठेवलं, वर्षानुवर्षं त्या नोंदींवर काम केलं, आणि १९७० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला असताना तिथं आग लागली, त्यात त्या तयार केलेल्या नोंदी जळून गेल्या. मग त्यांनी आठवणीवर त्या गावाचं पुस्तक लिहिलं! हे ऐकल्यावर पोरं एकदम चिडीचूप. मग मी म्हणते, आता तुम्ही तुमचं गाव आठवणीनं काढा. कोरा कागद, पेन्सिल, एक तास.

ह्या नकाशांबद्दल मी कितीही बोलू शकते. वेस, मारुतीचं देऊळ, पाण्याची टाकी, रेशन दुकान, शाळा, मोबाईलचा टॉवर, सगळं येतं. मग मी म्हणते पाण्याचे नळ किती वाजता येतात ते प्रत्येक गल्लीवर लिहा. मग स्मशानभूमी दाखवा. किती आहेत? मग कळतं की एकाच गावातल्या दोन पोरांचे नकाशे वेगळे आलेत. गावठाणातल्या पोराच्या नकाशात वस्ती म्हणजे कडेला एक गोल, आत काहीच नाही, आणि वस्तीतल्या पोराच्या नकाशात तिथं चाळीस घरं, समाजमंदिर, हातपंप, निळा झेंडा, सगळं बारीक काढलेलं. दोघं एकाच बाकावर बसतात, सातवीपासून मित्र. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि मी काहीच बोलले नाही. गावठाणातला पोरगा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मी कधी आत गेलोच नाही रे." सामाजिक स्तरीकरणाचा धडा पुढं आठ दिवस चालला, त्यातलं एक वाक्य मला डिक्टेट करावं लागलं नाही.

राज्यशास्त्राचंही तेच. बारावीला ८० मार्क लेखी आणि २० अंतर्गत. ते २० मार्क म्हणजे आमच्या हातातली सोन्यासारखी गोष्ट आहे आणि आपण काय करतो, पोरगं झेरॉक्सच्या दुकानातून तयार प्रकल्प आणतं, वर रंगीत कव्हर, आत नेटवरून उतरवलेली पंधरा पानं, आपण सही करतो. मला हे मनापासून खुपतं. सायन्सच्या पोरांना प्रॅक्टिकल आहे, लॅब आहे, आमची लॅब तर प्रत्येक गावात फुकट उघडी आहे, ग्रामपंचायत!

मी ग्रामसभा बघायला लावते. पोरं मतदार नसतात म्हणून सदस्य नसतात, पण कडेला उभं राहून बघायला काय हरकत. एका पोरानं तीनच पानांचा प्रकल्प आणला, पेननं लिहिलेला, खाडाखोड केलेला. नोटिशीवर वेळ सकाळी ११. पावणेबारापर्यंत लिंबाखाली कोण कोण आलं त्याची यादी. महिला ग्रामसभा आदल्या दिवशी व्हायला पाहिजे होती, झाली का, तर आईला आणि चुलतीला विचारलं, त्यांना माहीतच नाही. सरपंच बाई, पण बोलले तिचे मालक. आणि शेवटी त्यानं लिहिलं होतं की माणसं मी मोजली, १९ होती, नंतर रजिस्टर घरोघरी फिरलं आणि सह्या १०० च्या वर गेल्या. मला म्हणाला, मॅडम कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातलं जे कमी ते ना, मग ही सभा झाली का नाही झाली? त्या पोरानं पंचायतराजची ७३ वी घटनादुरुस्ती १९९२ ची, अंमल २४ एप्रिल १९९३ पासून, हे कधी पाठ केलं नसेल, पण ती दुरुस्ती कशासाठी केली आणि ती कुठं अडकून पडली हे त्याला आमच्या कितीतरी शिक्षकांपेक्षा जास्त कळलंय असं मी जबाबदारीनं म्हणते. मी त्याला मेंढा-लेखाचं सांगितलं, गडचिरोलीतलं, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं गाव, २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारं. म्हणाला, तिथं रजिस्टर घरी जात नसेल.

काही पालक म्हणतात, मॅडम वर्गात राजकारण नको. पक्षाचं राजकारण नकोच, माझं मत कुणाला हे सतरा वर्षांत एकाही पोराला मी कळू दिलेलं नाही. पण प्रश्नच टाळायचे हे मला मान्य नाही. २०२३ नंतर आमच्या भागात मराठा आरक्षणावरून काय वातावरण झालं तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. पोरांचे स्टेटस एकमेकांच्या विरोधात, वर्गात दोन बाजूला बसायला लागली, डबा एकत्र खाणारी पोरं. त्या वेळी मी गप्प बसून 'जागतिकीकरणाचे परिणाम' लिहून दिले असते तर पोर्शन झाला असता. मी राज्यघटनेतल्या आरक्षणाशी संबंधित कलम १५(४), १६(४) आणि ३४० च्या झेरॉक्स आणल्या. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात निम्म्या जागा राखून ठेवल्या तिथून सुरुवात केली, मग १९५१ ची पहिली घटनादुरुस्ती, १९९२ चा इंद्रा साहनी खटला आणि ५० टक्क्यांची मर्यादा, मग मराठा आरक्षण रद्द करणारा २०२१ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, ते पुन्हा देणारा २०२४ चा नवा कायदा. आणि एकच नियम केला, आपलं म्हणणं मांडायच्या आधी समोरच्याचं सगळ्यात बळकट म्हणणं त्याच्या तोंडावर सांगायचं, आणि त्यानं 'हो, हेच म्हणणंय माझं' म्हणलं की मग आपलं बोलायचं. पहिल्या दिवशी कुणालाच जमलं नाही. तिसऱ्या दिवशी दोघांना जमलं. मतं कुणाची बदलली नाहीत, मला बदलायचीही नव्हती, पण पुढच्या आठवड्यात डबे परत एकत्र उघडले.

बारावीतलं पोरगं परीक्षेच्या आसपास मतदार होतं. ६१ व्या घटनादुरुस्तीनं मतदानाचं २१ चं वय १८ झालं, १९८९ पासून. आता तर १७ पूर्ण झाल्यावरच मतदार नोंदणीचा फॉर्म ६ आगाऊ भरता येतो. म्हणजे मतदान करायच्या आधी, कुणीतरी समोर बसून हे सगळं नीट समजावून सांगण्याची शेवटची जागा आमचा वर्ग आहे, त्यातली बरीच पोरं पुढं कॉलेजला जाणार नाहीत, पोरी तर नाहीतच. आणि ती जागा आपण डिक्टेशनमध्ये घालवतो.

त्या वडिलांना मी चहा दिला आणि तासभर बोलले. पोरीनं दोन्ही विषय घेतलेत.

आता एक विनंती. तालुक्यातले कुणी ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं), माजी सरपंच, वकील, आशाताई, ऊसतोडीला गेलेली एखादी मावशी हे वाचत असतील किंवा तुमच्या ओळखीत असतील, तर मला एक तास द्या. सकाळी साडेसात ते साडेबारा कॉलेज असतं, शनिवारी सकाळी दहानंतर वर्ग मोकळा मिळतो. भाषण तयार करून आणू नका, ग्रामसभेचं प्रोसिडिंग बुक कसं लिहितात, घरकुलाची यादी कशी बनते, मुकादमाशी करार कसा होतो एवढं जसं आहे तसं सांगा, प्रश्न पोरं विचारतील. इनबॉक्समध्ये मेसेज टाका. दिवाळीच्या आत जमलं तर फार बरं, कारण नंतर बरीच पोरं फडावर गेलेली असतात.